वारशाने आलेला लष्करी गणवेश: ओळख पटविताना कापड, चिन्हे आणि कागद यांची सांगड आवश्यक

पापनाशम (तंजावर): आजोबांच्या पेटीत घडी घालून ठेवलेला खाकी कोट, त्यावरील पितळी बटणे आणि ‘आमचे पूर्वज सैन्यात होते’ ही घरात चालत आलेली आठवण, एवढ्यावर लष्करी गणवेशाची ओळख सिद्ध होत नाही. कापड, चिन्हे आणि कागदपत्रे हे तिन्ही पुरावे एकाच काळाकडे व एकाच तुकडीकडे बोट दाखवू लागले, तरच असा वारसा अस्सल मानता येतो.

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान वसलेल्या पापनाशमच्या परिसरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. सतराव्या शतकात व्यंकोजी भोसले यांच्या राजवटीपासून कावेरीच्या खोऱ्यात मराठी कुटुंबे स्थिरावली. त्यामुळे अशा घरातील जुना गणवेश तंजावर दरबाराचा, ब्रिटिश हिंदी सैन्याचा किंवा आझाद हिंद सेनेचा, असे तिन्ही दावे होऊ शकतात.

पहिला दावा काळाच्या कसोटीवर लवकर तपासता येतो. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये खालसा झाले. खाकी रंगाचा लष्करी वापर १८४० च्या दशकाच्या अखेरीस वायव्य सरहद्दीवरील ‘गाइड्स’ पथकात सुरू झाला आणि हिंदी सैन्यात तो सर्वत्र रूढ होण्यास पुढे काही दशके लागली. खाकी कोट तंजावर दरबाराचा असणे म्हणूनच जवळजवळ अशक्य ठरते.

बटणे आणि बिल्ले यांवरील मुकुट हा कालनिर्णयाचा सर्वांत सोपा धागा आहे. घुमटासारखी उंच कमान असलेला मुकुट साधारणपणे १९०१ नंतरच्या राजांच्या काळातील असतो. मध्यभागी खोलगट कमान असलेला मुकुट एकतर व्हिक्टोरिया राणीच्या काळातील किंवा १९५३ नंतरच्या ब्रिटनमधील असतो. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. साहजिकच दुसऱ्या महायुद्धातील म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कोटावर सिंहमुद्रेची बटणे असतील, तर ती नंतर लावलेली आहेत किंवा कोटच नंतरचा आहे.

तुकडीचे नाव ठरविताना आडनावावर विसंबणे धोक्याचे असते. मराठी कुटुंबातील सैनिक मराठा लाइट इन्फन्ट्रीतच असला पाहिजे, असे नाही. तंजावर भागातील तरुण मद्रासच्या पलटणींत किंवा मद्रास सॅपर्समध्ये असण्याचा संभव अधिक. मद्रास रेजिमेंटच्या बोधचिन्हावरील हत्ती १८०३ च्या असईच्या लढाईची, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात शिंदे आणि भोसले यांच्या फौजांवर मिळविलेल्या इंग्रजांच्या विजयाची आठवण आहे. मराठी घरात हे चिन्ह सापडले, तर त्यात विसंगती मानण्याचे कारण नाही. मद्रासच्या जुन्या पायदळ पलटणी १९२० च्या दशकात विसर्जित झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. या मधल्या काळातील नियमित पलटणीचा गणवेश असल्याचा दावा काळजीपूर्वक तपासावा लागतो.

आझाद हिंद सेनेच्या बाबतीत कापड फारसे बोलत नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यानंतर ब्रिटिश साठ्यातील खाकी कपडेच या सेनेत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. तिरंग्यावर झेपावणारा वाघ आणि ‘फ्राइस इंडियन’ ही अक्षरे असलेला बाहूवरील बिल्ला जर्मनीतील आझाद हिंद पथकाचा होता. मलायातून परतलेल्या सैनिकाच्या कोटावर तो आढळल्यास शंका घेणे योग्य ठरते. स्वातंत्र्यसैनिक म्हणून पूर्वजांची नोंद सांगायची असेल, तर गणवेशापेक्षा तुरुंगवासाचे किंवा सेवेचे दस्तऐवज निर्णायक ठरतात. आझाद हिंद सेनेसंबंधीच्या फायली नवी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

कापड तपासताना कोट उलटा करून अस्तर, खिसे आणि कॉलरची आतील बाजू पाहावी. बाणाच्या टोकाचे सरकारी चिन्ह, त्याखालील ‘आय’ हे रोमन अक्षर, वर्ष किंवा शाईने लिहिलेला सैनिक क्रमांक तेथे सापडू शकतो. अतिनील प्रकाशात चमकणारा दोरा नंतरच्या शिलाईची शंका निर्माण करतो. मात्र आधुनिक साबणचुऱ्याने धुतलेले जुने कापडही तसेच चमकते. गणवेश धुणे, पितळ घासून उजळविणे किंवा सुटलेले बटण बदलणे यांमुळे पुरावाच नष्ट होतो.

पदके असल्यास त्यांची कड आणि मागील बाजू पाहावी. पहिल्या महायुद्धातील युद्धपदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असे. हा क्रमांक हाती आला, की संबंधित अभिलेख कार्यालयाकडे विचारणा करता येते. मद्रास रेजिमेंटचे केंद्र निलगिरीतील वेलिंग्टन येथे, मद्रास सॅपर्सचे बंगळुरू येथे आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगाव येथे आहे. हुद्द्याचे नावही काळ सांगते. पायदळातील ‘जमादार’ १९६० च्या दशकात ‘नायब सुभेदार’ झाला.

शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. पहिल्या महायुद्धातील गणवेशांना आता हा निकष लागू होऊ शकतो. गणवेश, पदके, छायाचित्रे आणि पत्रे वेगवेगळ्या वारसांत वाटून टाकण्यापूर्वी त्या सर्वांची एकत्रित छायाचित्रे घ्यावीत आणि कोणती वस्तू कोणाकडून आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. वस्तू विखुरल्या, की सैनिकाचे नाव आणि त्याचा कोट यांना जोडणारा दुवा बहुधा कायमचा तुटतो.