चार रूपे, बारा काळ

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच सुरू होतो. तथापि बारा काळांचा तक्ता समोर येताच विद्यार्थी बिचकतो व घोकंपट्टीचा आश्रय घेतो. वस्तुतः मराठी भाषकास या भयाचे कारण नाही. ‘मी चाललो, ती चालली, ते चालले’ असे लिंग, वचन व पुरुष यांप्रमाणे होणारे बदल तो बालपणापासून सहज करीत असतो. इंग्रजीत या सर्वांसाठी ‘वॉक्ट’ हे एकच रूप पुरते.

इंग्रजी नियमित क्रियापदाची रूपे अवघी चार : वॉक, वॉक्स, वॉक्ट, वॉकिंग. भविष्यकाळासाठी मूळ रूपापूर्वी ‘विल’, पूर्ण काळासाठी ‘वॉक्ट’पूर्वी ‘हॅव’, ‘हॅज’ वा ‘हॅड’, आणि अपूर्ण काळासाठी ‘वॉकिंग’पूर्वी ‘इज’, ‘वॉज’ यांसारखी साहाय्यक क्रियापदे योजावयाची.

दक्षता दोन ठिकाणी हवी. साध्या वर्तमानकाळात ‘ही’, ‘शी’ यांच्यानंतर क्रियापदाच्या अंती ‘एस’ विसरू नये. तसेच ‘डिड’नंतर क्रियापद मूळ रूपातच ठेवावे, कारण भूतकाळाचा भार ‘डिड’ने आधीच उचललेला असतो. एवढे उमगले की तक्ता पाठ करावा लागत नाही. तो विद्यार्थ्यास स्वतःच मांडता येतो.