शोभेच्या दारूची सामूहिक परंपरा : इतिहास, शास्त्र आणि सुरक्षितता

प्रस्तावना

मराठीत ‘दारू’ हा शब्द आज प्रामुख्याने मद्याचा वाचक असला, तरी तोफा-बंदुकांत वापरल्या जाणाऱ्या स्फोटक चूर्णासाठीही तो शतकानुशतके वापरात आहे. या चूर्णाचा रंजनासाठी केलेला उपयोग म्हणजे ‘शोभेची दारू’ आणि ती सिद्ध करण्याचे कौशल्य म्हणजे ‘दारूकाम’. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकच्या विभागीय आयुक्तांनी ‘माझी वसुंधरा’ अभियानांतर्गत फटाक्यांची विक्री व वापर यांवर बंदी घालणारे ठराव करण्याची सूचना विभागातील स्थानिक स्वराज्य संस्थांना केली. विरोध झाल्यानंतर ती मागे घेण्यात आली. अशा वादात साधारणतः विक्रेता, ग्राहक आणि पर्यावरण या तीन पक्षांचा विचार होतो. गावाच्या उत्सवासाठी स्वखर्चाने व मोबदल्याविना स्वतः दारूकाम करणारी मंडळे हा चौथा पक्ष मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या चौथ्या पक्षाची परंपरा आणि त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न यांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या विषयाच्या अभ्यासाचा पाया पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी घातला. १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी प्रबंध १९५३ मध्ये बंगळूर येथून प्रसिद्ध झाला. संत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ या सोळाव्या शतकातील काव्यात विवाहप्रसंगीच्या दारूकामाचे वर्णन येते, याकडे गोडे यांनी लक्ष वेधले. त्या काळी मराठी श्रोत्याला हा विषय परिचित होता, असे अनुमान त्यावरून करता येते.

पेशव्यांच्या बखरीतील एक प्रसंग येथे विशेष महत्त्वाचा आहे. कोट्याच्या राजाच्या दिवाळीत ‘दारूची लंका’ कशी उभारली जाते, हे महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना सांगितले. त्यात दारूने भरलेल्या राक्षसांच्या व हनुमंताच्या प्रतिमा असत आणि हनुमंताच्या शेपटीला बत्ती दिली की तो उड्डाण करून लंका पेटवी. पेशव्यांच्या इच्छेवरून असाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी झाला व पुणेकरांनी तो पाहिला. येथे आश्रयदाता राजा आहे आणि प्रजा प्रेक्षक आहे. नाशिककरांना या लंकेचे रूप अपरिचित वाटणार नाही. पंचवटीत रामकुंडाच्या परिसरात आणि गांधीनगरच्या मैदानावर विजयादशमीला होणारे रावणदहन हे त्याच कल्पनेचे लोकाश्रयी रूप म्हणता येईल. राजाश्रय संपल्यावर दारूकाम जत्रा, उरूस आणि ग्रामदैवतांचे उत्सव यांच्या आधाराने टिकले.

कवठे एकंद : मंडळांचे गाव

या लोकाश्रयाचे ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यातले कवठे एकंद हे गाव. विजयादशमीच्या रात्री ग्रामदैवत श्री सिद्धराज महाराजांच्या पालखीसमोर येथे शोभेच्या दारूची आतषबाजी होते. ही परंपरा काही शतकांची असल्याचे ग्रामस्थ मानतात. तिचे वैशिष्ट्य केवळ भव्यतेत नाही. येथे गावातील अनेक मंडळे वर्गणी काढून आपापले दारूकाम सिद्ध करतात. आकाशात फुटणारे औट, लाकडी शिंगटे, झाडे, चक्रे असे प्रकार त्यांत असतात. एका मंडळाचे काम दुसऱ्यापेक्षा सरस ठरावे ही ईर्ष्या असते. परंतु सर्वांची सेवा एकाच पालखीपुढे रुजू होते.

समाजशास्त्रीय दृष्टीने असे मंडळ एकाच वेळी तीन कार्ये करते. ते निधी उभारते, श्रमाची वाटणी करते आणि ज्ञानाचे हस्तांतरण करते. यांतील तिसरे कार्य सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत नाजूक आहे.

हाताचे ज्ञान आणि रसायनशास्त्र

काळ्या दारूचे प्रमाण रसायनशास्त्राच्या पुस्तकात सहज सापडते : सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. सोरा प्राणवायू पुरवितो, कोळसा जळतो आणि गंधक मिश्रण लवकर पेटण्यास साहाय्य करते. लोखंडाच्या किसाने सोनेरी ठिणग्या मिळतात. स्ट्रॉन्शियमने तांबडा, बेरियमने हिरवा आणि तांब्याच्या क्षारांनी निळा रंग येतो. परंतु कोळसा कोणत्या लाकडाचा असावा, दारू किती घट्ट ठासावी, हवेत दमटपणा असता काम केव्हा थांबवावे, हे प्रत्यक्ष कामातूनच शिकावे लागते. तेच चूर्ण मोकळे असता भरकन जळते आणि कोंडले असता फुटते. ठासण्यातील थोडा फरक नळ्याचा बॉम्ब करू शकतो.

पारंपरिक ज्ञानाला येथेच मर्यादा पडते. सोरा-गंधक-कोळशाच्या मिश्रणावर पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. बाजारात नव्याने आलेल्या रसायनांवर तो नाही. पोटॅशियम क्लोरेट व गंधक यांचे मिश्रण घर्षणानेही पेट घेऊ शकते व त्यावर भारतात बंदी आहे. वडीलधाऱ्यांकडून मिळालेला सावधपणा अशा मिश्रणापुढे अपुरा पडतो. मे २०१५ मध्ये कवठे एकंद येथील फटाका कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेक कामगार मृत्युमुखी पडले. तो कारखाना व्यावसायिक होता, उत्सवातील मंडळ नव्हे. तथापि दोहोंतील पदार्थ एकाच स्वभावाचे आहेत, हे विसरता येत नाही.

कायद्याची चौकट

१८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ चे स्फोटके नियम यांनुसार दारूकामाच्या निर्मितीस परवाना आवश्यक आहे. एका वेळी १५ किलोग्रॅमपर्यंतच्या निर्मितीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देऊ शकतात. त्यापुढील अधिकार पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे आहेत. तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजी फटाक्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये बेरियम क्षारांच्या वापरावर निर्बंध घातले.

हे निर्बंध आरोग्याच्या दृष्टीने समर्थनीय आहेत. अडचण वेगळी आहे. परवान्याची रचना कायम जागा, कायम साठा व व्यवसाय गृहीत धरते. वर्षातून एका रात्रीसाठी काम करणारे मंडळ तीत सहज बसत नाही. मग काम थांबत नाही. ते घराच्या माळ्यावर किंवा परसात, म्हणजे अधिक धोक्याच्या जागी सरकते.

तुलनात्मक विचार

माल्टा या भूमध्य समुद्रातील देशात ग्रामदेवळांच्या उन्हाळी उत्सवांसाठी स्वयंसेवकच दारूकाम करतात. तेथे वस्तीपासून दूर स्वतंत्र कार्यशाळा असतात आणि काम करणाऱ्यास परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. तरीही अपघात टळलेले नाहीत. गोझो बेटावर सप्टेंबर २०१० मध्ये एका कार्यशाळेतील स्फोटात ६ जण दगावले. अशा अपघातांच्या चौकशीसाठी तेथील शासनाने रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, ही बाब आपल्यासारख्या अध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

याउलट केरळमधील पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ रोजी परवानगी नाकारलेली असतानाही आतषबाजी झाली, साठ्याने पेट घेतला आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. केवळ नकाराने सुरक्षितता येत नाही आणि केवळ परवान्यानेही ती पूर्णत्वास जात नाही, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

निष्कर्ष

१. सामूहिक दारूकाम ही मौखिक ज्ञानपरंपरा आहे. जाणत्या पिढीबरोबर ती लुप्त होण्यापूर्वी तिची नोंद होणे आवश्यक आहे.

२. परंपरा आणि सुरक्षितता यांपैकी एकाची निवड करावी लागते, हे गृहीतक अपुरे आहे. गावाबाहेरील सामाईक परवानाधारक कार्यशाळा, मर्यादित साठा आणि प्रशिक्षित कार्यकर्ते हा मधला मार्ग तपासून पाहण्यासारखा आहे.

३. महाविद्यालयांचे रसायनशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र विभाग यात प्रत्यक्ष साहाय्य करू शकतात. घातक मिश्रणे कोणती, हे मंडळांना त्यांच्या भाषेत सांगणे हे त्यातील पहिले काम होय.

पालखीपुढे उजळणारी शोभा गावाची असते, पण ती सिद्ध करताना जीव धोक्यात येतो तो मोजक्या कार्यकर्त्यांचा. त्यांच्या हातातील ज्ञानाला शास्त्राची जोड देणे हे उत्सवाइतकेच सामूहिक कर्तव्य आहे.