हंगाम दोन महिन्यांचा, उद्योग बारा महिन्यांचा

एप्रिलच्या मध्यापासून मृगाची चाहूल लागेपर्यंत सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील एखाद्या वाड्यावर गेले असता अंगणात, पडवीवर, जुन्या साड्यांवर आणि चटयांवर भिरंडांच्या साली वाळत पडलेल्या दिसतात. शेजारी फणसाच्या पापडांची ताटे असतात, आंब्याची साठे असतात. हे काम गोमंतकीय गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. आगोटीची बेगमी, ज्याला आपण पुरुमेंत म्हणतो, ती तिच्या हाडीमांशी खिळलेली आहे. पावसाचे चार महिने घर कसे चालेल याचा विचार ती वैशाखातच करून ठेवते. आश्चर्य असे की, हीच गृहिणी घरची गरज भागवून उरलेली सोले विकू लागते आणि त्या कामाला उद्योगाचे रूप येते, तेव्हा त्या उद्योगाच्या पावसाळ्याची बेगमी मात्र राहून जाते. पहिला हंगाम उत्साहात जातो, दुसरा कर्जाच्या आधाराने पार पडतो, आणि तिसऱ्या वर्षी अंगण रिकामे दिसते.

भांडवल मिळाले नाही, बाजारपेठ मिळाली नाही, ही कारणे अशा वेळी पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. तथापि ज्यांना कर्जही मिळाले आणि गिऱ्हाईकही मिळाले, त्यांचेही उद्योग बंद पडलेले आपण पाहतो. तेव्हा या प्रश्नाची पाळेमुळे कामाच्या रीतीत, पैशाच्या वापरात आणि काम करणाऱ्या माणसाच्या मनात शोधली पाहिजेत.

पैशाचे पंचांग

सोलांच्या धंद्याचे वर्ष कसे असते, ते प्रथम पाहू. फळे, मीठ, बरण्या, पिशव्या आणि मदतनिसांची मजुरी हा सर्व खर्च पाचसहा आठवड्यांत रोखीने होतो. माल मात्र सावकाश विकला जातो. काही पावसाळ्यात घरोघरच्या कढीसाठी आणि हुमणासाठी जातो, काही चतुर्थीच्या बाजारात खपतो, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांकडून होणारी खरेदी ऑक्टोबरनंतर सुरू होते. म्हणजे मे महिन्यात गेलेला रुपया पुढील मार्चपर्यंत तुकड्यातुकड्यांनी परत येतो. कर्जाचा हप्ता मात्र एवढा धीर धरीत नाही. तो बहुधा दरमहा भरावा लागतो. जुलैचा हप्ता भरण्यासाठी मग मुलांच्या फीचे पैसे वापरले जातात, किंवा हातातील दागिना सोनाराकडे जातो. पहिली फट पडते ती येथेच.

यावर उपाय अगदी साधा आहे. हप्ता कधीपासून सुरू होणार आणि किती रुपयांचा असणार, हे कागदावर सही करण्यापूर्वी विचारावे आणि आपला माल कोणत्या महिन्यात विकला जातो ते बँकेच्या अधिकाऱ्यास सांगावे. हंगामी धंद्याला कॅश क्रेडिटची पद्धत पुष्कळदा अधिक सोयीची पडते, कारण तीत वापरलेल्या रकमेवरच व्याज द्यावे लागते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात पन्नास हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद आहे. परंतु पन्नास हजार मिळतात म्हणून पन्नास हजारच घ्यावेत असे नाही. एका हंगामाला खरोखर किती लागतात, याचे उत्तर वहीत असते. ज्याच्याकडे वही नाही, त्याच्याकडे उत्तरही नाही.

वहीचा विषय निघालाच आहे, तर एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. समजा, दहा किलो सोले करण्यास फळे, मीठ, पिशव्या इत्यादींचा खर्च १४०० रुपये आला. त्यांपैकी एक किलो माल नीट न वाळल्याने बुरशी येऊन फुकट गेला. उरलेला नऊ किलो माल २५० रुपये दराने दुकानदारास दिला, तर २२५० रुपये हाती आले. खर्च वजा जाता ८५० रुपये राहिले, म्हणून घरात आनंद होतो. पण या दहा किलोंसाठी फळे फोडणे, रसात बुडवणे, वाळत घालणे, संध्याकाळी गोळा करणे, निवडणे आणि भरणे यांत पंधरा तास गेले असतील, आणि ताशी पन्नास रुपये एवढीच मजुरी धरली, तर ७५० रुपये त्या हातांचे झाले. उरले शंभर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाण्यायेण्यात आणि पाटीच्या भाड्यात ते शंभरही संपतात. धंदा तोट्यात नाही, हे खरे. परंतु तो नफ्यातही नाही. बाईने स्वतःच्या घरी मजुरी केली, एवढाच त्याचा अर्थ.

हा हिशेब मांडला तर लोक निराश होतील, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. आकडा समोर आला की कोठे हात घालावा ते कळते. बुरशीने जाणारा एक किलो वाचवला तर नफा शंभराचा एकदम साडेतीनशे होतो. दरात घासाघीस करून एवढी वाढ मिळवणे फार अवघड असते. तेव्हा आधी वाळवणीकडे लक्ष द्यावे, दराकडे मागाहून.

यासाठी मोठी हिशेबशास्त्राची पुस्तके नकोत. शंभर पानी वही पुरते. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले, आणि रोज दिवेलागणीनंतर दहा मिनिटे. धंद्याचे पैसे वेगळ्या डब्यात, शक्य तर वेगळ्या बँक खात्यात असावेत, आणि घरखर्चासाठी त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मालकिणीने आपला पगार म्हणून घ्यावी. डबा उघडा आहे म्हणून लग्नाच्या आहेराला त्यात हात घातला, की धंदा कोठे संपतो आणि घर कोठे सुरू होते हेच कळेनासे होते. ज्यांच्या हाताला लेखणीची सवय राहिलेली नाही अशा माता अनेक आहेत. त्यांच्या बाबतीत शिक्षकांना मोठी मदत करता येईल. सातवीच्या मुलांना नफातोट्याची उदाहरणे पुस्तकातून सोडवण्यास लावण्याऐवजी एक आठवडाभर घरच्या वहीतील उदाहरणे आणण्यास सांगावे. गणितही होईल आणि आईची वहीही लिहिली जाईल.

उधारी आणि भीड

गावातील धंद्याला खरी घरघर लागते ती उधारीने. नात्यातल्या माणसाला पैसे कसे मागायचे, दुकानदार नाराज झाला तर पुढच्या वेळी माल घेणार नाही, अशी भीड मनात असते. ही भीड स्वाभाविक असली, तरी तिची किंमत मोजावी लागते. घरच्यांना व शेजाऱ्यांना द्यायचे असेल तर भेट म्हणून द्यावे, आणि तशी भेट किती द्यायची ते हंगामाच्या आरंभीच ठरवावे. बाकीचा माल रोखीने विकावा. दुकानदारांच्या बाबतीत कायदा लहान उत्पादकाच्या पाठीशी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत, आणि ती मुदत ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. मुदत लेखी ठरलेली नसेल तर ती १५ दिवसांचीच धरली जाते. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. यासाठी आवश्यक असलेली ‘उद्यम’ नोंदणी जुलै २०२० पासून सुरू झाली असून तिला शुल्क नाही. कोणी मध्यस्थ त्यासाठी पैसे मागत असेल तर त्याला नमस्कार करून परत पाठवावे. खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षेच्या कायद्याखालील नोंदणी मात्र वेगळी करावी लागते, आणि तिचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो.

सर्व माल एकाच गिऱ्हाइकाला देणे सोयीचे वाटते. त्यातील धोका गोव्याला वेगळ्याने सांगावयास नको. खाणीच्या भरभराटीत डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील अनेक कुटुंबांनी कर्ज काढून ट्रक घेतले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, काही काळाने अंशतः सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर मार्चपासून पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र चालूच राहिले. त्या ट्रकमालकांच्या कष्टात काही उणे नव्हते. त्यांच्या मालाला दारच एक होते, आणि ते दुसऱ्याच्या हाती होते. सोलांचा धंदा त्या मानाने फार लहान आहे, पण तो करणाऱ्या घरालाही दुसरे आणि तिसरे दार हवे. थोडा माल आठवड्याच्या बाजारात, थोडा सहकारी विक्रीकेंद्रात, थोडा खानावळींना, अशी वाटणी असावी.

हात, पाठ आणि झोप

भिरंडाचा रस अतिशय आंबट असतो. तो पितळेच्या भांड्यात ठेवला तर कळकतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. म्हणून आपण भांडे बदलतो. मग तोच रस आणि त्यात मिसळलेले मीठ सहा आठवडे उघड्या हातांवर काय परिणाम करीत असेल, याचा विचार का होत नाही? बोटे चिरतात, नखांच्या कडा सोलवटतात, आणि तरीही काम चालू राहते. हातमोजे स्वस्त मिळतात. ते खर्चाच्या पानावर न कुरकुरता लिहावेत. जमिनीवर उकिडवे बसून चार चार तास फळे फोडण्याऐवजी कमरेएवढ्या उंचीची फळी किंवा जुने टेबल वापरावे. दुपारी बारा ते तीन ही वेळ उन्हात वाळणाऱ्या सोलांची आहे, माणसाची नव्हे. पहाटे काम सुरू करून त्या वेळी विसावा घेणारी घरे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. ती आळशी ठरली नाहीत.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रदीर्घ प्रयत्नांनंतर, १० जून १८९० पासून. ज्यांना मालक होता, त्यांना भांडून सुट्टी मिळवता आली. जी स्वतःच मालकीण आणि स्वतःच मजूर, तिने कोणाशी भांडावे? हंगामात आठवड्याचा पूर्ण दिवस मिळणार नाही हे मान्य. तरी अर्धा दिवस ठरवून काम बंद ठेवावे आणि त्या दिवशी घरातील स्वयंपाकपाणी पुरुषांनी व मोठ्या मुलांनी उचलावे. धंद्याचे पैसे घरात सर्वांना चालतात, तर धंद्याच्या काळातील भांडीही सर्वांना घासता आली पाहिजेत. हे लिहिताना काही वाचक हसतील याची मला कल्पना आहे. पण उन्हाळ्यानंतर आजारी पडलेल्या बाईच्या औषधपाण्याचा खर्च कोणीच धंद्याच्या वहीत लिहीत नाही. तो लिहिला, तर हसू थांबेल.

मनाचेही असेच आहे. माल खराब झाला की आपणच नालायक, असे मानून कित्येक जणी गप्प होतात, रात्री झोपत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी आणखी चुका करतात. खराब झालेल्या मालाची चौकशी करावी, स्वतःची नव्हे. मीठ कमी पडले का, ढगाळ दिवशी बुडवणी केली का, पिशवी ऊन असतानाच बांधली का, एवढे तीन प्रश्न वहीत लिहून उत्तरे नोंदवली की पुढील वर्षी ती चूक टळते. शेजारणीने दुप्पट माल केला म्हणून आपणही अंगणाबाहेर पाय पसरावेत, हेही मनाचेच दुखणे. चतुर्थीच्या आठ दिवस आधी मोठी मागणी आली आणि माल नसेल, तर नाही म्हणावे. घाईने अर्धवट वाळलेला माल देऊन वर्षाची पत घालवण्यापेक्षा ते बरे.

अधिकारीवर्गालाही एक विनंती आहे. वर्षअखेरच्या अहवालात किती प्रकरणे मंजूर झाली, एवढाच रकाना असतो. तिसऱ्या वर्षी त्यांतील किती अंगणांत सोले वाळत होती, असा आणखी एक रकाना त्यात घातला, तर पुष्कळ गोष्टी आपोआप उमगतील.

या संदर्भात लिज्जत पापडाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. धंद्यात तोटा आला तरी देणग्या मागावयाच्या नाहीत, असे त्यांनी ठरवले होते. पहिल्याच वर्षी पावसाने पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. पापड खाटेवर, शेगडी खाटेखाली. पावसाळ्यातही काम चालू राहिले.

आपल्याकडील भिरंडांचा मोठा भाग नेमका वळवाच्या सरी सुरू झाल्यावर पिकतो आणि झाडाखाली कुजून जातो. त्या फळांची सोले करण्याचा हट्ट धरू नये. आगळाला ऊन लागत नाही, मीठ आणि स्वच्छ बरण्या लागतात. तेव्हा मेच्या अखेरीस बरण्या उकळत्या पाण्याने धुऊन, कोरड्या करून ठेवाव्यात, आणि पहिल्या सरीनंतर उतरवलेली निवडक फळे आगळासाठी वापरावीत. हंगामभर उरलेल्या बिया उन्हात खडखडीत वाळवून साठवल्या असतील, तर त्या आषाढात फोडून, कुटून, पाण्यात उकळून भिरंडेल काढता येते. तळपायांच्या भेगांवर ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते, आणि बाजारात त्याला मागणी आहे. हे काम चुलीपाशी बसून, छपराखाली, पाऊस कोसळत असताना होते.