वेबसाइट सुरू, मेल बंद

डोमेनची गोष्ट : भाग ४

समजा, देवगडचा एक आंबा बागायतदार आहे. मार्च उजाडतो, पेट्यांच्या ऑर्डरी येऊ लागतात आणि नेमकी तेव्हाच पुतण्या नवी वेबसाइट करून देतो. जुनी होस्टिंग कंपनी सोडून नवी धरली जाते. नवी म्हणते, "आमचे दोन नेमसर्व्हर टाका, बाकी आम्ही बघतो." संध्याकाळपर्यंत वेबसाइट झळकते. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या गिऱ्हाइकाचा फोन येतो, "अहो, तुमचा मेल परत आला. धंदा बंद केलात की काय?"

यंत्र कुठलंच बिघडलेलं नाही. फक्त वही बदलली आहे.

गेल्या भागात डोमेन नाव विकत कसं घेतात ते पाहिलं. ते झालं खरेदीखत. त्या नावावर काय काय चालतं याच्या नोंदी वेगळ्या दप्तरात असतात, आणि ते दप्तर कोणत्या तलाठ्याकडे आहे एवढंच नेमसर्व्हर सांगतात. नेमसर्व्हर बदलले की तलाठी बदलला. जुन्या नोंदी नव्या वहीत आपोआप उतरत नाहीत. नव्याने वेबसाइटची ओळ लिहिली, टपालाची राहून गेली.

एके काळी सगळ्यांची मिळून एकच वही होती. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या यंत्रांची ही यादी कॅलिफोर्नियातल्या 'एसआरआय' या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू हाताने सांभाळायचा. यंत्रं वाढली तसं ते आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे 'डोमेन नेम सिस्टीम'चा, आराखडा मांडला आणि ज्याचं नाव त्याची वही, अशी वाटणी झाली. सोय झाली, पण वही नीट ठेवण्याची जबाबदारीही मालकावर आली.

त्या वहीतली 'ए' रेकॉर्डची ओळ वेबसाइटच्या सर्व्हरचा आयपी पत्ता सांगते. 'सीनेम' म्हणजे उर्फ. तो सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'साठी वापरतात. टपालाचा कारभार 'एमएक्स'कडे. त्याच्यासमोर एक आकडा असतो. १० आणि २० अशा दोन ओळी असतील, तर टपाल आधी १० कडे जातं. तिथला सर्व्हर दार उघडत नसेल तर २० कडे. मोठा आकडा म्हणजे मोठा मान असं समजून उलटं भरणारे पुष्कळ!

आणखी एक हमखास चूक. बऱ्याच पॅनेलमध्ये नावाच्या रकान्यात फक्त 'मेल' लिहायचं असतं, पुढचं डोमेन पॅनेल स्वतः जोडतं. पूर्ण नाव लिहिलं की डोमेन दोनदा लागतं, आणि पॅनेल मुकाट्याने तेही जतन करतं.

मेल पाठवण्याची बाजू 'टीएक्सटी' ओळींत. आपल्या नावाने पत्रं पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे, हे 'एसपीएफ' सांगतो. अशी ओळ एकच चालते. मेलवाल्याने एक दिली, बिलं पाठवणाऱ्या सेवेने दुसरी दिली आणि दोन्ही चिकटवल्या, तर तपासणारा सर्व्हर ते चूक धरतो. दोन्हींतला मजकूर एकाच ओळीत गुंफावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वच पाठवणाऱ्यांसाठी 'एसपीएफ' किंवा 'डीकिम' (मेलवरची डिजिटल सही) बंधनकारक केलं. दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही हवेत, शिवाय 'डीमार्क'ही, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी ओळ.

पण मेल तिसऱ्या दिवशीच का परतला? प्रत्येक नोंदीला 'टीटीएल' असतो, म्हणजे इतरांनी ती किती सेकंद लक्षात ठेवायची ती मुदत. 'ए' किंवा 'एमएक्स'ची मुदत मालक स्वतः ठरवतो. ८६४०० म्हणजे एक दिवस. जाणकार स्थलांतराच्या दोन दिवस आधी ती ३०० वर आणतात. नेमसर्व्हरची गोष्ट वेगळी. डॉटकॉमच्या वरच्या दप्तरात त्यांची मुदत १७२८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस असते आणि ती मालकाच्या हातात नसते. तोवर कुणी जुनी वही वाचतो, कुणी नवी.

खरं तर बागायतदाराला नेमसर्व्हर बदलायची गरजच नव्हती. जुन्या कंपनीकडे डीएनएस चालू ठेवून 'ए'ची एक ओळ बदलली असती, तर टपालाला धक्काही लागला नसता. तरीही दप्तर हलवायचंच असेल, तर आधी जुन्या पॅनेलमधली प्रत्येक ओळ उतरवून घ्या आणि नव्या वहीत लिहून झाल्यावरच नेमसर्व्हर बदला. 'डीकिम'ची लांबलचक किल्ली हाताने लिहू नका, कॉपी करा. तिच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.