मालमोटारीची नवी चकाकती चाके : स्वच्छता आणि संरक्षण

मालवाहू वाहनाचे चाक म्हणजे रंग दिलेले पोलादी चाक, हे समीकरण आता पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही. २०२२ साली भारतात दाखल झालेली टोयोटाची हायलक्स किंवा इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस यांसारखी पिकअप वाहने अलॉय चाकांवर धावतात. हौसेने काळी मॅट, क्रोमचा मुलामा दिलेली अथवा आरशासारखी चमकवलेली चाके बसवून घेणारे वाहनधारकही आहेत. जड मालमोटारींसाठी घडीव ॲल्युमिनियमची चाके तर अमेरिकेत अल्कोआ कंपनीने १९४८ मध्येच तयार केली होती. अशा चाकांच्या संचासाठी मोठी रक्कम मोजावी लागते. चुकीचे रसायन वापरल्यास मात्र त्यांची झळाळी एकाच धुण्यात जाऊ शकते. म्हणून स्वच्छतेची पद्धत ठरविण्यापूर्वी चाकावर नेमके कोणते आवरण आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

आवरणांचे प्रकार

पावडर कोटिंगमध्ये विद्युतभारित कोरडी भुकटी चाकावर उडवून ते सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजले जाते. हे आवरण चिवट असते. तरीही खड्याच्या आघाताने त्याचा टवका उडाल्यास तेथून गंज आत शिरतो.

काही चाकांचा दर्शनी भाग यंत्रावर कातून चकचकीत केलेला असतो आणि त्यावर पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट, दिलेला असतो. या लेपाला चीर पडली की पाणी व क्षार त्याखाली जातात आणि पांढुरक्या, दोऱ्यासारख्या रेषा पसरू लागतात. लेप पूर्णपणे काढल्याशिवाय हा दोष दूर होत नाही.

क्रोमच्या मुलाम्यात बाहेरचा क्रोमियमचा थर बहुधा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याखाली निकेलचा जाड थर असतो. क्रोमियममधील सूक्ष्म छिद्रांतून मिठातील क्लोराइड आत गेल्यास मुलाम्याला खळगे पडतात व पुढे पोपडे सुटतात.

मॅट आवरणाचा पृष्ठभाग सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत ठेवलेला असतो. त्यावर पॉलिश घासल्यास तेवढाच भाग चमकू लागतो आणि तो डाग सहसा जात नाही.

चमकवलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर कोणताही लेप नसतो. हवेतील प्राणवायूमुळे तयार होणारा, काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर एवढेच त्याचे कवच होय. चाक उघड्या धातूचे आहे की क्लिअर कोट दिलेले, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. चाकाच्या आतील, न दिसणाऱ्या भागावर पांढऱ्या कापडाने थोडे मेटल पॉलिश चोळावे. कापड काळे झाल्यास धातू उघडा आहे, असे समजावे. मॅट आवरणावर व क्रोमवर हा प्रयोग करू नये.

काही चाकांवर कारखान्यातच विशेष पृष्ठप्रक्रिया केलेली असते. अल्कोआची ड्युरा-ब्राइट चाके हे त्याचे उदाहरण. अशा चाकांना पॉलिशची गरज नसते, उलट त्यातील घर्षक कणांनी हानीच होते.

मळ कशाचा?

डिस्क ब्रेक लावताना पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून लोहाचे तप्त सूक्ष्म कण उडतात. ते आवरणात रुततात व ओलाव्याने गंजून तांबूस ठिपके पडतात. बहुतेक पिकअप वाहनांना पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असल्याने पुढची चाके अधिक लवकर काळवंडतात. जड मालमोटारींवर वंगण, डांबर, डिझेलची काजळी आणि वाहून नेलेल्या मालाचे अवशेष यांची भर पडते. कच्छमधील मीठ, पोटॅशयुक्त खते आणि ओले झाल्यावर तीव्र अल्कधर्मी बनणारे सिमेंट हे विशेष घातक. कोकणासारख्या किनारपट्टीवर तर खारी हवाच पुरेशी असते.

आम्ल आणि सोडा वर्ज्य

ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेचे आंबट पदार्थ ठेवू नयेत किंवा ते धुण्याच्या सोड्याने घासू नये, हे आपल्या स्वयंपाकघरात ठाऊकच असते. त्यामागील रसायनशास्त्र चाकालाही लागू पडते. ऑक्साइडचा थर साधारणपणे ४ ते ९ या पीएच मर्यादेत टिकतो. त्यापेक्षा तीव्र आम्लात वा अल्कलीत तो विरघळतो आणि धातू पांढुरका किंवा काळपट होतो. फरशी धुण्याचे ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते क्रोमियमलाही विरघळवते. म्हणून हे ॲसिड, कॉस्टिक सोडा, पितळेची भांडी घासण्याची पावडर व तारेची घासणी चाकांपासून दूर ठेवावीत.

चाकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. येथे प्रश्न धुणाऱ्या व्यक्तीच्या सुरक्षिततेचाही आहे. हे रसायन त्वचेतून खोल जाऊन शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावते, आणि सौम्य द्रावणाची वेदना काही तासांनंतर जाणवू शकते. स्पर्श झाल्यास भरपूर पाण्याने धुऊन वेदनेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे व रसायनाचे नाव डॉक्टरांना सांगावे. धुलाई केंद्रात चाके देताना कोणते द्रावण वापरले जाते, याची चौकशी वाहनधारकाने अवश्य करावी.

धुण्याची योग्य रीत

प्रवासाहून आल्यावर चाके हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या धातूवर द्रावण क्षणात वाळते आणि डाग राहतात. काम सावलीत करावे. प्रथम भरपूर पाण्याने माती व खडे वाहून जाऊ द्यावेत. कोरड्या धुळीवर कापड फिरवणे म्हणजे वाळूने घासण्यासारखेच होय.

त्यानंतर उदासीन पीएचचा वाहनांसाठीचा शांपू, मऊ स्पंज आणि मऊ केसांचा ब्रश घेऊन एकेक चाक धुवावे. दोन बादल्या ठेवाव्यात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत स्पंज खळबळण्यासाठी साधे पाणी. चाकांचा स्पंज वाहनाच्या इतर भागांसाठी वापरू नये, कारण त्यात लोहकण अडकलेले असतात. रुतलेल्या लोहकणांसाठी थायोग्लायकोलेटयुक्त द्रावण मिळते. ते लोहाशी संयोग पावून जांभळे होते. आवरणास ते चालते का, हे सूचनापत्रकात पाहावे, द्रावण वाळू न देता धुऊन टाकावे आणि त्याची उघड्या धातूवर आधी लहानशी चाचणी घ्यावी.

शेवटी मायक्रोफायबर कापडाने चाक पूर्ण टिपून घ्यावे. विंधनविहिरीचे पाणी जड असल्यास त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात.

संरक्षक थर

चाके नवी असताना, शक्य तर वाहनाला जोडण्यापूर्वीच संरक्षक थर देणे सोयीचे असते. कार्नोबा मेण चमक उत्तम देते, पण ते सुमारे ८५ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने ब्रेकच्या उष्णतेपुढे फार काळ टिकत नाही. कृत्रिम सीलंट किंवा सिलिकायुक्त सिरॅमिक लेप अधिक टिकतात. मॅट चाकांसाठी त्यांच्याकरिताच बनवलेला, चकाकी न आणणारा सीलंट वापरावा. नुकतेच रंगविलेले चाक असल्यास रंग पूर्ण पक्का होईपर्यंत थांबावे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. चाक ज्या सपाट भागाने हबला टेकते तो भाग, नटांच्या बैठका आणि आटे यांवर मेण, सीलंट किंवा जादा रंग लागता कामा नये. दोन धातूंच्या मध्ये आलेला असा थर दाबाखाली हळूहळू दबतो, नटांची पकड सैल होते आणि चाक निखळण्याचा धोका निर्माण होतो. नट निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळावेत आणि नवी चाके बसविल्यावर साधारण ८० ते १६० किलोमीटर अंतरानंतर ते पुन्हा तपासावेत. चाकाच्या संतुलनासाठी लावली जाणारी वजने लेप दिलेली किंवा चिकटवण्याची असावीत, कारण कडेला ठोकून बसवलेले उघडे वजन आवरणाला चरा पाडते.

किनारपट्टीवर, पावसाळ्यात किंवा मीठ व खतांची वाहतूक करताना आठवड्यातून एकदा तरी चाके धुवावीत. धुताना टवके, चिरा आणि नटांभोवतीच्या गंजाच्या रेषाही पाहाव्यात. अशा रेषा सैल नटाचे लक्षण असू शकतात, आणि त्या दिसल्यास वाहन रस्त्यावर नेण्यापूर्वी चाकाची तपासणी करून घेणे हिताचे ठरते.