चाकू दिसला, पण चेहरा?

भिवंडीच्या नारपोलीत रात्रपाळी संपवून यंत्रमाग कामगार खोलीकडे निघतो. अंधारात कुणी गळ्याला चाकू लावून पगार हिसकावला, तर पोलिसांचा पहिला प्रश्न असतो, "तोंड ओळखशील का?" कामगार पात्याची लांबी सांगतो, मुठीचा रंग सांगतो, चेहऱ्यापाशी मात्र अडखळतो. लगेच शेरा बसतो, हा खोटारडा!

तो खोटारडा नाही, असे आम्ही ठामपणे सांगतो. १९८७ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व सहकाऱ्यांनी लोकांना चित्रमालिका दाखवल्या. काहींना गिऱ्हाईक कॅशियरपुढे चेक धरताना दिसले, तर काहींना पिस्तूल रोखताना. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर त्या पिस्तुलावरच खिळली. चेहरा ओळखण्यात ते कमी पडले.

धोका पुढेच आहे. आठवणीतली ही रिकामी जागा कोण भरते? पोलिसांनी धरून आणलेला माणूस! आणि धरून कोणाला आणतात? १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना. तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का गेला नाही.

नाशिक जिल्ह्यात ५ जून २००३ च्या रात्री सशस्त्र दरोडेखोरांनी पाच जणांना ठार केले. बचावलेल्या स्त्रीने पोलिसांकडील फोटोंतून चार वेगळेच इसम ओळखले होते. ती बाब दडपली गेली. भटक्या जमातीतील सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाखांची भरपाई दिली. तुरुंगात गेलेली जवळपास सोळा वर्षे कोण परत देणार?

याचा उलटा वापरही होतो. अत्याचाराच्या खटल्यात आरोपीचे वकील आमच्या साक्षीदाराला विचारतात, "कुऱ्हाड दिसली, मग शर्टाचा रंग कसा नाही दिसला?" इथे लक्षात ठेवावे, की हल्लेखोर बहुधा गावातलेच, रोजच्या ओळखीचे असतात. ओळखीचा माणूस ओळखणे वेगळे, क्षणभर पाहिलेला अनोळखी माणूस ओळखणे वेगळे. शर्टाचा रंग चुकला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही.

म्हणून ओळख परेड लवकर व्हावी. त्याआधी संशयित साक्षीदाराला दाखवू नये, परेडच्या वेळी पोलीस तिथे नसावेत. उजेड किती, अंतर किती, हत्यार कोणते, हे पहिल्याच जबाबात यावे; साक्षीदाराची शंकाही जशीच्या तशी लिहावी. कार्यकर्त्यांनो, पीडितासोबत पोलीस ठाण्यात जा, जबाब वाचूनच सही करू द्या. बाबासाहेबांच्या संविधानाचे कलम २१ पीडितालाही आहे आणि संशयितालाही.