‘पुरेसे’ म्हणजे किती?

आज कुंभकोणमहून बोलतोय. इथे दर बारा वर्षांनी महामहमचा मेळा भरतो. मागचा 2016 मध्ये झाला, पुढचा 2028 मध्ये. जेमतेम सहा एकरांचं तळं आणि स्नानाला लाखो माणसं. 1992 मध्ये इथेच चेंगराचेंगरीत पन्नासच्या आसपास भाविक गेले. ‘रिक्वायरमेंट मॅनेजमेंट’ या रुक्ष विषयाला मी मुद्दाम हेच उदाहरण घेतोय.

रिक्वायरमेंट म्हणजे काय हवंय ते. इथे ते सांगणारे बरेच: महानगरपालिका, पोलीस, देवस्थान खातं, रेल्वे, आरोग्य विभाग. समजा एकाने लिहिलं, ‘बाहेर पडायला पुरेसे मार्ग असावेत.’ पुरेसे म्हणजे किती? आणि आपलं मराठी ‘असावेत’ तर भारीच लबाड! ती इच्छा की हुकूम? इंग्रजी करारांत ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘शुड’ म्हणजे शिफारस. आपण सरळ ‘असलेच पाहिजेत’ लिहावं, आणि आकडा घालावा.

फौजेत अशा यादीला जीएसक्यूआर म्हणतात. अर्जुन रणगाड्याची पहिली यादी 1972 ची, प्रकल्पाला मंजुरी 1974 ची. पुढे यादी बदलत गेली. बदल होणारच हो. तो कोणाकोणाला कळला, हा खरा प्रश्न.

एक्सेलची फाइल मेलवर फिरली की तिच्या पाच आवृत्त्या होतात. या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गरजेला स्वतःचा क्रमांक असतो, कोणी कधी काय बदललं याची नोंद असते आणि गरजा एकमेकींना जोडलेल्या असतात. समजा, गरज क्रमांक 41 मध्ये उत्तरेच्या वाटेची रुंदी आहे. तिला कठडे, बंदोबस्त, रुग्णवाहिकेचा रस्ता जोडलेला. अभियंत्याने रुंदी कमी केली की त्या तिन्हींवर खूण उमटते. डोअर्समध्ये तिला ‘सस्पेक्ट लिंक’ म्हणतात. माणसाने तपासून काढेपर्यंत ती जात नाही. मला विचाराल तर पैसे या एका सोयीचेच.

डोअर्स, जामा, पोलारियन ही मोठ्यांची अवजारं. जिरा मुळात कामांचा माग ठेवायला आहे. गरजांसाठी त्याला जोड लागते. छोट्या गटाला फुकटचं डोअरस्टॉप चालेल, पण गिटची सवय हवी. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर रेकआयएफ या सामाईक स्वरूपात देवाणघेवाण होते. जर्मन मोटार उद्योगाने ते सुरू केलं.

राहिली भाषा. तमिळ आणि इंग्रजी दोन्ही मजकूर ‘मूळ’ मानू नका. एक मूळ ठरवा, दुसरा त्याला अनुवाद म्हणून जोडा. मग मूळ हललं की अनुवादावरही तीच खूण येते.